मागेपुढे शिवलेला फर्मा

बाबांनी सकाळच्या प्रार्थनेचं पुस्तक आज धाकटीच्या हातात दिलं, आणि थोरलीच्या काळजात चर्र झालं!

अकरा वर्षं... बाबांची नजर गेली तेव्हापासून एकही सकाळ न चुकवता तीच सात पानं तिने त्यांना वाचून दाखवली होती. अंगात ताप असो, खाली कारखान्यात पुस्तकबांधणीचं काम गळ्याशी आलेलं असो, वाचायचं म्हणजे वाचायचं. आनंद? आनंदाचं नावच काढू नका! देवाची प्रार्थना आणि खळीचं भांडं घासणं, दोन्ही तिने सारख्याच चेहऱ्याने उरकलं होतं. आणि धाकटी? ठरलेलं लग्न मोडून, कुणाशी चकार शब्द न बोलता निघून गेलेली ही महाराणी काल दुपारी एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली, आणि बाबा तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवत नुसते रडत बसले. साधा जाब विचारला नाही! वर आज हा मान.

धाकटी अडखळत वाचत होती, आणि थोरलीला आतल्या आत बरं वाटत होतं. चौथं पान उलटलं.

"जो परतून आला त्याला पोटाशी धर; आणि जो घर सोडून कधी गेलाच नाही... पाण्याचं भांडं झाकून ठेवावं." धाकटी थांबली आणि फसकन हसली. "ताई, हे काय गं? इथे काहीतरी चुकलंय."

"पुढे वाच. मी रोज असंच वाचते."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

त्यांनी स्वतः शिवलेलं ते शेवटचं पुस्तक. डोळे अंधारत चालले होते, एक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा, मागेपुढे शिवला गेला. थोरलीने पहिल्यांदा वाचलं त्याच दिवशी त्यांच्या ते लक्षात आलं होतं.

"वाटायचं, आज थांबशील, उद्या थांबशील. हसशील, मला नावं ठेवशील," ते म्हणाले. "तू कधी थांबलीच नाहीस."

थोरली ताडकन उठली. "अकरा वर्षं माझी परीक्षा घेतलीत, बाबा? आणि हिची एक दिवससुद्धा नाही?"

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि ती तडक खाली कारखान्यात गेली. बाकावर बसून तिने सुरीने शिलाई उसवली, फर्मा काढून जागेवर लावला. आणि मग, कामाच्या सवयीनेच, पानाला पान जुळलं का ते पाहायला तिने ते वाक्य वाचलं. आणि जो घर सोडून कधी गेलाच नाही, त्याच्याजवळ जाऊन बस. त्याला कुणीच विचारलेलं नसतं.

ज्या ओळीत ती होती, तीच ओळ रोज अर्धवट म्हणून ती पुढे गेली होती! तिला हुंदका आवरेना.

जिन्यावर पावलं वाजली. नजर गेल्यापासून बाबा कधी खाली उतरले नव्हते. भिंत चाचपत, एकेक पायरी जोखत ते एकटेच आले आणि बाक शोधत उभे राहिले.

"चूक माझ्या सुईची होती," ते म्हणाले. "आणि ते वाक्य पाठ असून मी तुझ्याशेजारी येऊन बसलो नाही, ती त्याहून मोठी."

तिने त्यांचा हात धरला नाही. राग गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता. पण बाकावरचे कागदाचे गठ्ठे तिने उचलून खाली ठेवले आणि ती थोडी सरकून बसली.