बुबुळांपुरतं कापड

गेलेल्या माणसाचे कपडे आणि फोटो आणून द्या, मी त्याचा चेहरा गोधडीवर उठवून देतो. भिंतीला टांगा नाहीतर पांघरा, तुमची मर्जी. यात भुताखेतांचं काही नाही, असंच मी म्हणायचो.

एका सकाळी एक शाळामास्तरीण वडिलांचे कपडे पिशवीत कोंबून घेऊन आली.

"सगळं बाबांच्याच कपड्यांतून हं, काका. दुसरी चिंधीसुद्धा नको."

"नाही हो बाई. त्यांच्या नाकाला माझी विजार थोडीच लावणार आहे?"

बाप दवाखान्यात कंपाउंडर होता. कपडे सगळे पांढरे, करडे, फार तर तपकिरी. कपाळाला सदरा झाला, गालांना पायजमा, मिशीला मोजे. डोळे मी शेवटी लावतो. तपकिरी बुबुळं लावली, दहा पावलं मागे सरलो, डोळे किलकिले करून पाहिलं. नजर मेलेल्या मासोळीसारखी. काळं पाहिजे होतं. बायकोचा काळा ब्लाउज दोरीवर वाळत होता. शिवणीच्या आत जादा कापड सोडलेलं असतं, त्यातून दोन बटणांएवढं कापलं आणि लावलं. चेहरा जिवंत झाला. इतका, की त्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

गोधडी बघून मास्तरीण रडली. "सगळं बाबांचंच ना?"

"सगळं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बायको स्वयंपाकघरात चाचपडत उभी.

"अहो, आपली भिंत निळी कधी झाली?"

"चष्मा लाव."

"लावलाय. आणि ही बाई कोण? वह्या तपासत बसलीय..."

तिच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली. पापणी लवली नाही. डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. ठणठणीत कसले! उघड्या डोळ्यांनी ती दुसऱ्याच घरात बघत होती, आणि इथे चुलीवर हात भाजून घेत होती.

पत्ता शोधत मास्तरणीकडे गेलो. भिंत निळी. भिंतीवर तो. मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "बुबुळं तेवढी उसवू द्या. माझी म्हातारी आंधळी झालीय हो."

"वेड लागलंय तुम्हाला. जन्मात बाबांनी माझ्याकडे धड बघितलं नव्हतं, आता बघताहेत. हात लावाल तर पोलीस बोलवीन."

घरी आलो. बायको खाटेवर बसलेली.

"बघितलं मी. तिच्यापुढे किती हात जोडत होता! चाळीस वर्षांत माझ्यापुढे नाही जोडले."

मी तिचे हात धरून बसलो. उन्हं उतरली. मग तिची बोटं एकदम आखडली.

"अहो... तिथे कुणीतरी आलंय. म्हातारा आहे. पांढरा सदरा..."

"मास्तरीण कुठाय?"

"तिथेच. तिला दिसत नाहीये तो... भिंत चाचपत येतोय... अहो, त्याला डोळे नाहीत..."

आमच्या खोलीत दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास पसरला.

"पुढ्यात आला... बोटं किती गार आहेत हो..."

आणि मला ऐकू आलं. टक्. टक्. टाका उसवल्याचा आवाज. पन्नास वर्षं तो ऐकतोय, मला फसवायचा नाही. शेवटचा टाका सुटला आणि बायकोने पापण्या मिटून उघडल्या. माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"दाढी करा," म्हणाली. आणि रडायला लागली.

सकाळी मास्तरीण भांडायला आली. बुबुळं नाहीशी झाली होती. कापड फाटलं नव्हतं, एकेक टाका निगुतीने काढलेला. मी शपथ घेतली, पण ती कशाला खरं मानते!

बायकोला आता सगळं स्वच्छ दिसतं. सुईत दोरासुद्धा तीच ओवून देते. फक्त मी शिवायला बसलो की कधीकधी माझ्या खांद्यामागे बघते आणि हळूच म्हणते, "अहो, त्यांना बसायला द्या ना. केव्हाचे उभे आहेत."

मी मागे वळत नाही. स्टूल तेवढं पायाने मागे सरकवतो. काम आटपल्यावर ते जागेवर ठेवायला जातो... तर उचललं जात नाही.