वच्छलाच्या पापण्या

कुडवा गावात दुलीचंद आणि त्याचा धाकटा भाऊ दुधराम यांची घरं एकाच आंगणात होती. दुलीचंदची बायको सुशिला फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला रोज एक गोळी लावली होती. गाठीच्या जनुकात ठरावीक बिघाड असेल तरच ती लागू पडायची. सुशिलाच्या गाठीत तो होता. वर्षभर ती हिंडली-फिरली. गोळीमुळे तिच्या पापण्या लांब वाढत, वळून डोळ्यांत टोचत. दुलीचंद मिशीच्या कात्रीनं त्या कापून द्यायचा. पुढे गाठ गोळीला जुमानेनाशी झाली. सुशिला गेली, गोळ्या उरल्या.

पुढच्याच वर्षी दुधरामच्या बायकोला, वच्छलाला, तोच आजार निघाला. डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, हिच्या गाठीत तो बिघाड नाही, ती गोळी हिला देऊ नका. तरी दुधराम गोळ्या मागायला आला.

"एका घरच्या सुना, एका चुलीवर राबल्या. हिले नाही लागू पडनार तं कोनाले?"

"डॉक्टर नाही म्हनते ना."

"तुझी गेली तं माझीबी जाऊ दे, असंच ना गा?"

दुलीचंदनं गोळ्यांची डबी त्याच्या अंगावर फेकली.

वच्छलाचा खोकला थांबला. पापण्या वाढल्या. नागपूरला छातीचा नवा फोटो काढला तर गाठ निम्मी झाली होती. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी धरून बराच वेळ पाहिला. आनंद झाल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं नाही.

वच्छला मोठ्या दिरासमोर कधी उघड्या डोक्यानं आली नव्हती. बोलणं तर दूरच. एका दुपारी ती पदर न घेता आंगण ओलांडून आली आणि दुलीचंदच्या पुढ्यात बसली.

"कात्री आना. डोळ्यात टोचून राहिलं."

त्यानं कात्री आणली. कापताना तिनं त्याचा गुडघा घट्ट धरला. सुशिला धरायची तसाच.

त्या संध्याकाळी ताट वाढताना ती स्वतःच्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊजी, भात घ्या."

दुधराम ताटावरून उठला. त्यानं डबी आणून दुलीचंदच्या दारात आपटली. "तुझी बायको माझ्या घरात नको."

गोळी बंद झाली. खोकला परत आला. डोक्यावर पदरही परत आला. दाराआडून वच्छला नवऱ्याला सांगत होती, ते आंगणात दुलीचंदला ऐकू आलं.

"जेठजीले सांगा, मले मरू द्या. पन ते गोळी नको. जाऊबाई आत येऊन बसते. मले उठू देत नाही."

दुलीचंदनं डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजल्या.

सकाळी दुधराम राइस मिलवर कामाला गेला. दुलीचंदनं चहा केला. एक गोळी कुटून त्यात ढवळली आणि कप भावाच्या उंबऱ्यावर ठेवला.

"चहात काढा आहे. खोकल्याले बरा."

पदराखालून हात आला. कप आत गेला.

दुसऱ्या दिवशीही गेला. मग रोज.

खोकला कमी होत गेला. एका सकाळी ऐकूच आला नाही.

दुलीचंद कप घेऊन गेला तेव्हा दार उघडं होतं. ती उंबऱ्यात बसली होती, डोकं उघडं. चहा तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप त्याच्या हातात दिला.

"उद्यापासून दोन टाकत जा," ती म्हणाली. "ही अजून आत रडून राहिली."