दुकानात चालतो, घरी बंद पडतो

व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारणाऱ्या माणसांवर माझा मनापासून राग आहे. तोंडातली वाफ आत जाते, आतल्या पट्ट्या गंजतात, आणि मग हीच माणसं येऊन विचारतात, मॅडम, हे अचानक कसं काय बिघडलं? त्या शनिवारी भिंगारच्या आमच्या दुकानात बसून मी हेच एका गिऱ्हाइकाला फोनवर ऐकवत होते, आणि समोर पायरीवर एक उंच, शिडशिडीत मुलगा उभा राहून कॅसेटमध्ये फुंकर मारत होता. अगदी डोळे मिटून, मन लावून.

मी फोन ठेवला. "फुंकू नका."

"हो," तो म्हणाला, आणि सवयीनं आणखी एकदा फुंकलं.

आमची ओळख झाली ती अशी.

खरं तर तो भिंगारच्या बाजारात मित्राच्या जुन्या स्कूटरचा कसलासा पार्ट शोधत आला होता. पिशवीत गेम होता, कारण नगरमधल्या दोन दुकानांनी त्याला हातही लावला नव्हता. आमच्या पाटीवर बाबांनी फार पूर्वी रंगवून घेतलेलं 'रेडिओ, टीव्ही, टेप' एवढंच लिहिलेलं आहे. ते वाचून त्याला धीर आला म्हणे. नाव कल्याण. राहुरीच्या कृषी विद्यापीठात बियाणे विभागात नोकरी, घर तिथून जवळच्याच एका गावात. गेम त्याच्या लहानपणचा, एके काळी पांढरा असलेला आणि आता पिवळा पडलेला. अडॅप्टर, रिमोट, कॅसेट सगळं त्यानं आईच्या जुन्या साडीत गुंडाळून आणलं होतं.

मी विचारलं, होतं काय नक्की? तर म्हणाला, संध्याकाळी खेळता खेळता मध्येच काळा होतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. मी विचारलं, खेळतं कोण? मानेवरून हात फिरवत तो म्हणाला, "आई."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. आई म्हणे, रणगाड्यांचा गेम खेळते. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेतात जाणं बंद, घरात बसून जीव कंटाळला. माळ्यावर हा डबा सापडला. ज्या गेमपायी तिनं दोन्ही पोरांना लाटण्यानं बडवलं होतं, त्यावर आता स्वतःच रोज संध्याकाळी बसते. मला यातला एक शब्दही पटला नाही. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

मी डबा उघडला, पट्ट्या साफ केल्या, ढिले टाके पुन्हा सोल्डर केले. राळेचा धूर वर गेला तसा तो खोकला, पण खुर्ची मागं घेतली नाही. टीव्हीला जोडला तर गेम सुरू. तासभर चालू ठेवला, हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, घेऊन जा.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. तीच साडी, तीच पिशवी.

"घरी बंद पडतो."

"इथं चालतोय."

"इथं चालतो हो... घरी बंद पडतो."

मी कपॅसिटर बदलले. रेग्युलेटर बदलला. त्याच्या पुढच्या शनिवारी अडॅप्टर उघडून तपासला, तोही ठणठणीत. दर वेळी गेम माझ्या टेबलावर शहाण्या मुलासारखा चालायचा आणि राहुरीला गेला की अंगात आल्यासारखं करायचा. माझ्या हाताखालून गेलेली वस्तू परत येत नाही, हा माझा एकुलता एक अभिमान. तो या पिवळ्या डब्यानं धुळीला मिळवला होता. मी चिडायचे, तो शांतपणे पेरू कापायचा. शेतातले पेरू तो दर वेळी आणायचा, आणि मीठ-तिखटाची पुडीसुद्धा.

"पेरूनं गेम दुरुस्त होत नाही," मी एकदा म्हटलं.

"गेमसाठी नाहीत ते."

"मग?"

"तुमचा राग जरा..." त्यानं फोड पुढं केली. "मीठ जास्त लावलंय, चालेल ना?"

चाललं. चाललं हाच तर त्रास होता. शनिवार आला की मी सकाळपासून टेबल आवरायला लागले होते, आणि हे बाबांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. माझे बाबा, नारायणराव, कोपऱ्यात रेडिओ खोलून बसलेले असतात आणि त्यांना ऐकू कमी येतं असा सगळ्यांचा समज आहे. एकदा कल्याण गेल्यावर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मशीन चांगलंय गं मनवा. तू माणूस तपास."

मग मी खरंच विचार केला, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. समजा, बिघाड खोटा आहे. मग हा मला भेटायला येतो, पण त्यासाठी आईच्या गुडघ्यापासून सगळं खोटं सांगतो. असला लबाड माणूस काय कामाचा? आणि समजा, बिघाड खरा आहे. मग तो सरळ आहे, गुणी आहे, पण येतो फक्त त्या डब्यासाठी. डबा सुधारला की गेला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी टेस्टर घेऊन उभी. मला तो आवडायला लागला होता. एकदाचं लिहूनच टाकते.

पुढच्या शनिवारी पिशवी पुन्हा टेबलावर आली तेव्हा माझा संयम संपला.

"हे बघा, मला वाटतं तुम्ही खोटं बोलताय."

त्याचा चेहरा पडला. पेरू तसाच हातात राहिला. "खोटं कशाला बोलू मी?"

याचं उत्तर माझ्या तोंडून काढून घ्यायचा त्याचा विचार असेल तर मी ते देणार नव्हते. मी म्हटलं, उद्या रविवार आहे, मी घरी येऊन बघते. तुमच्या टीव्हीवर, तुमच्या प्लगात, तुमच्या आईसमोर.

"घरी?" त्यानं विचारलं. आणि का कोण जाणे, पहिल्यांदाच घाबरला.

रविवारी तारकपूर स्टँडवरून एसटी पकडली. मनमाड रस्त्यावरचे सगळे खड्डे मोजून घेत फाट्यावर उतरले. तिथं तो मोटरसायकल घेऊन उभा, इस्त्रीच्या शर्टात. उसाच्या मधून वाट जात होती, पाचटाचा वास, ओल्या मातीचा गारवा... हे सगळं मला दिसत होतं, पण मी वैतागलेलीच राहायचं ठरवलं होतं.

घरी पोहोचलो, तर अंगणात सडा, ओट्यावर नवी सतरंजी, आणि कुंपणापलीकडे चार-पाच बायका उगाचच उभ्या. मला वाटलं, गावात दुरुस्तीला बाई आली म्हणून कौतुक असेल. कल्याणचे वडील, भिमाजी, धुवट टोपी घालून दारात उभे. आणि आत पलंगावर पाय लांब करून, डोक्यावर पदर घेऊन, हातात गेमचा रिमोट धरून त्याची आई छबूबाई.

म्हणजे आई खरी होती.

"बस बाई," छबूबाई म्हणाल्या. "ह्यो म्हनला, मॅडमला वाटतंय मी खोटं बोलतो. माजं पोरगं दुसरं काय बी करंल, पर खोटं न्हाई बोलायचं."

मी ओशाळून थेट टीव्हीच्या मागं शिरले. प्लग बघितला, बटणांचा बोर्ड खोलून बघितला. तिथून स्वयंपाकघरातल्या फ्रिजला टेस्टर लावला, तर टेस्टरमधला दिवा पेटला, म्हणजे फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरत होता. मी भिमाजींना विचारलं, मीटर कुठं आहे? ते टोपी सारखी करून लगबगीनं पुढं झाले. मीटर दाखवला, मग मी न विचारता न्हाणीघर दाखवलं, गोठा दाखवला, विहिरीपाशी नेऊन म्हणाले, "उन्हाळ्यात बी पानी हटत न्हाई." मी म्हटलं, बरं. मला कळेना, विहिरीच्या पाण्याचा आणि रणगाड्यांच्या गेमचा काय संबंध. पण गावाकडची माणसं अगत्यशील असतात, घेतलं ऐकून.

परत येऊन छबूबाईंना खेळायला सांगितलं. काय खेळत होत्या! आधी खालच्या विटांची राखण, मग कोपऱ्यातून एकेकाचा फडशा. संध्याकाळ व्हायला आली आणि शेजारच्या बिभीषणची पिठाची गिरणी घरघरत सुरू झाली. त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा मंदावला, अगदी थोडासा. घरात कुणीही वर बघितलं नाही, त्यांना सवय होती. पडदा काळा झाला, आणि गेम पहिल्यापासून सुरू.

"बघ," छबूबाई रिमोट आपटत म्हणाल्या. "रोज ह्याच टायमाला. आता म्हन खोटं."

मी माझ्या पिशवीतला मल्टिमीटर प्लगाला लावून बघितला. गिरणी फिरली की व्होल्टेज धाडकन खाली यायचं. नव्या टीव्हीला त्याचं काही वाटत नाही, पण त्या जुन्या, जड अडॅप्टरला वरून कमी मिळालं की तो खालीही कमीच देतो, आणि गेमला तेवढं पुरत नाही. आमच्या बाजारात वीज अशी हबकत नाही, म्हणून तो माझ्या टेबलावर कधी रुसला नाही. एवढंच होतं. माझ्या पिशवीत नव्या पद्धतीचा हलका अडॅप्टर होता, त्याला असल्या चढउतारानं फरक पडत नाही. त्याच्या पिनेचं प्लस-मायनस उलटं होतं, म्हणून वायर कापली, उलट जोडली, टेप गुंडाळली. गिरणी चालूच होती आणि गेमही चालू राहिला. छबूबाईंनी अडलेली पातळी पार केली आणि पदरानं डोळे पुसले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण बिघाड खरा, आई खरी, आणि मुलगा सरळ. तो खरोखरच फक्त गेमसाठी येत होता. मला तिथंच, टीव्हीच्या मागं, रडू येईल की काय असं वाटलं.

तेवढ्यात कल्याणची आत्या, मुक्ताबाई, पोह्यांच्या बशा घेऊन आली. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. माझ्या हातात बशी देत तिनं गोड आवाजात विचारलं, "मग? घर पसंत पडलं का?"

माझं सगळं लक्ष टेस्टरच्या त्या पेटलेल्या दिव्यात. मी म्हणाले, "घर चांगलंय, पण अर्थिंग नाही."

भिमाजींनी छबूबाईंकडे बघितलं, छबूबाईंनी मुक्ताबाईंकडे. मग भिमाजी खाकरून गंभीरपणे म्हणाले, "त्येवढं करून घिऊ आमी. दुसरं काय कमी हाय का?"

मी पोह्यांकडे बघितलं. सतरंजीकडे, सड्याकडे, कुंपणापलीकडच्या बायकांकडे. विहीर आठवली. आणि मग कल्याणकडे बघितलं. तो कानापर्यंत लाल होऊन जमिनीकडे बघत होता.

त्यानं मला परत फाट्यावर आणून सोडलं. उतरल्यावर विचारलं, घरी काय सांगितलं होतं तुम्ही?

"खरं तेच. दुरुस्तीवाल्या मॅडम येतायत." तो मोटरसायकलच्या आरशाशी चाळा करत होता. "आई म्हणाली, दुरुस्तीला कुणी एवढ्या लांब येतं का... माफ करा. आता गेम नीट झाला. परत त्रास नाही देणार."

समोरून एसटी आली. मी इतकी चिडले होते की निरोपही न घेता चढले. त्रास नाही देणार म्हणे. कोणी सांगितलं होतं याला इतकं शहाण्यासारखं वागायला? घरी पोहोचल्यावर लक्षात आलं की टेस्टर त्यांच्या फ्रिजवर राहिलाय. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, बरं झालं. मी त्यांच्याशीही दोन दिवस नीट बोलले नाही.

शनिवारी सकाळी मी टेबल आवरलं नाही. मुद्दाम. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. चार वाजून गेले, परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली, रस्ता मोकळा झाला, आणि मी शटर अर्ध्यावर ओढायला उठले. पायरीवर तो उभा होता, नखशिखांत भिजलेला.

"काय बिघडलं आता?" मी विचारलं. आवाज मला हवा होता तेवढा कडक आला नाही.

"काही नाही. आई शेवटच्या पातळीला पोचली."

"पिशवी?"

"आणली नाही."

"माझा टेस्टर?"

"तोही नाही आणला." त्यानं दोन्ही हात पुढं केले. रिकामे, ओले. "निघताना पिशवीत टाकला होता, बसमध्ये बसलोही, मग उतरून दोन्ही घरी परत ठेवून आलो. म्हणून उशीर झाला. काय आहे ना मॅडम... मी दर शनिवारी पिशवी घेऊन यायचो, तुम्ही पिशवीकडंच बघायचात. गेम लगेच सुरू व्हायचा आणि तुम्ही म्हणायचात, घेऊन जा. बोलायला वेळच मिळायचा नाही. म्हटलं, एकदा कारणाशिवाय जाऊन बघावं." त्यानं कपाळावरचं पाणी निपटलं. "मला तुम्ही आवडता. आता घेऊन जा म्हणायला तुमच्याकडं काही नाही."

कोपऱ्यात बाबांचा रेडिओ अचानक बंद झाला. त्यांना ऐकू कमी येतं ना, म्हणून.

माझा सगळा राग एकदम वर आला. मी म्हटलं, "तुम्ही खोटं बोलत असता तर बरं, असं मला वाटायला लागलं होतं. किती छळलंत, माहितीये?"

"माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार? पेरू कापत बसायचात तुम्ही."

तो हसला. मी त्याला आतून टॉवेल आणून दिला. तो केस पुसत असताना, कसलंही विशेष नसल्यासारखं, मी सोल्डरगनची वायर गुंडाळत विचारलं, "आणि अर्थिंग?"

टॉवेलच्या आडून उत्तर आलं, "सोमवारीच केलं. वडिलांनी स्वतः खड्डा खणला. मीठ, कोळसा, सगळं घातलंय. आई म्हणाली, मॅडमना म्हणावं एकदा येऊन तपासून जा."

मी शटर पुन्हा पूर्ण वर केलं. "येते," मी म्हटलं. "टेस्टर तिथंच राहू दे."