समुद्राकडचं तोंड

मिरकरवाडा बंदरात जाळी विणायच्या शेडला लागून जांभ्या दगडाची एक बसकी भिंत होती. १९८६चा पावसाळा सरल्यावर मी तिच्यावर काम सुरू केलं. मुंबईतल्या एका संस्थेची योजना होती. कलाकाराने काही महिने एखाद्या वस्तीत राहायचं आणि तिथल्या माणसांना हाताशी घेऊन, सगळ्यांना वापरता येईल असं काहीतरी उघड्यावर उभं करायचं. मी नाशिकची, शिल्पकला शिकलेली. समुद्राशी माझी ओळख सहलीपुरती.

कल्पना साधी होती. भिंतीत भाजक्या मातीचे नळ बसवायचे आणि नळाच्या टोकांना मातीची तोंडं. या टोकाला कुजबुजलं की भिंतीच्या त्या टोकाला कान लावणाऱ्याला ऐकू यावं. तोंडं वस्तीतल्या बायकांनी घडवली. कोणी शंख केला, कोणी माशाचा जबडा. गुणवंतीने हातांचा पसा ओठांशी धरून हाक मारणारा माणूस केला. तिचा नवरा भिवा होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता.

"ह्ये समुद्राकडं बसवा," ती म्हणाली. "आमच्या हाका तिकडंच जातात."

नेमका त्याचाच नळ भट्टीत तडकला. दुसरा करायला वेळ नव्हता. धोंडू गवंड्याने मागे वीतभर पोकळी ठेवून ते तोंड सिमेंटने बंद केलं. "हे नुसतं दिसायला," मी गुणवंतीला सांगितलं. ती जराशी हिरमुसली. तरी रोज जाळ्यावर बसण्याआधी ती त्या तोंडाशी वाकून काहीतरी पुटपुटायचीच.

भिंत लोकांना आवडली. मासळीच्या लिलावाला येणाऱ्या बायका तिच्यातून एकमेकींची टिंगल करायच्या, सुना सासवांचं गाऱ्हाणं सांगायच्या आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला नेमकी सासूच निघायची. मी समाधानात होते.

पहिल्यांदा धोंडूच्या लक्षात आलं. दुपारी भिंतीला टेकून तो विडी ओढत होता, तो मान चोळत उठला.

"ताई, ह्या बंद तोंडातनं वारा येतो."

मी तोंडापुढे हात धरला. येत होता. गार, ओलसर, शेवाळाच्या वासाचा. बंदरात नेहमी मासळीचा नि डिझेलचा वास असतो. हा वेगळा होता. मी सिमेंट फोडायला लावलं. मागे सलग दगड होता. धोंडूने पुन्हा लिंपलं, सुकल्यावर मी पुन्हा हात धरला. वारा तसाच. दगडांच्या सांध्यात कुठेतरी फट राहिली असणार, असं मी ठरवलं.

मग त्याच तोंडातून आवाज. शंख कानाला लावला की गाज ऐकू येते, हे मला माहीत होतं. पण हा आवाज तसा घुमणारा नव्हता. पाणी कुठल्यातरी अरुंद जागेत धावत शिरत होतं, वर फुटत होतं, मग थांबत होतं. मी मान वळवून पाहिलं. बंदरात ओहोटी होती. होड्या चिखलात कलल्या होत्या.

मी कोणाला काही बोलले नाही. गुणवंती मात्र त्या तोंडापाशी आता जास्त वेळ थांबू लागली होती.

दिवाळी होऊन गेली आणि अचानक वादळ आलं. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या, भिवाची आली नाही. त्याच्याबरोबर खंडू आणि बाबल्या होते. वादळ ओसरलं तेव्हा वारा उत्तरेकडून वाहत होता. होडी दक्षिणेला पावस गावाच्या अंगाला गेली असणार, असं सगळे जाणते म्हणत होते. फोनच्या तारा पडल्या होत्या. आप्पांची लाँच शोधायला निघणार होती. आप्पा वस्तीतले वडीलधारे, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

लाँचचं इंजिन धडधडायला लागलं आणि गुणवंती भिंतीकडून धावत आली.

"आप्पा, हेदवीला जा! हे हेदवीला हायत!"

"कोणी सांगितलं?"

"ह्यांनीच. मी हाक मारली, 'अवो, कुठं हाव?' तर आतनं सांगितलं. घळीत अडकलोय, पाणी घळीतनं वर फुटतंय, देवळाची घंटा वाजतेय. आप्पा, माझं माहेर हाय तिथं. दुसरी घळ नाय ती."

हेदवी उत्तरेला. एकच लाँच होती, आणि चुकीच्या बाजूला दिवस घालवला तर तिघांचं काय होणार हे सगळ्यांना कळत होतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ही तोंडं तुमी बसवलीत. त्या तोंडातनं आवाज येतो काय?"

येणं शक्य नव्हतं. मागे दगड होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. तेवढं म्हटलं असतं तर लाँच दक्षिणेला गेली असती. गुणवंती माझा दंड घट्ट धरून उभी होती.

मी भिंतीकडे गेले. वाकून कान लावला. पाणी आत शिरलं, फुटलं. मग अगदी जवळून, दमलेल्या पुरुषाचा आवाज आला.

"लवकर या."

मी परत आले.

"येतो," मी म्हणाले.

आप्पांनी लाँच उत्तरेला वळवली.

तो दिवस कसा गेला हे मला नीट सांगता येणार नाही. बायका धक्क्यावर बसून होत्या. कोणी चूल पेटवली नाही. मी त्यांच्यात बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, मी खोटी ठरले तर. ऊन कललं तेव्हा लाँच दिसली. नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकावर, उभं राहून आप्पा हातातलं फडकं गरागरा फिरवत होते.

तिघंही होते. जिवंत. खंडूचा हात मोडला होता, बाबल्याला धरून उतरवावं लागलं, भिवाचे ओठ मिठाने फाटले होते. गुणवंती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. कोणीतरी चहाचं पातेलं आणलं. बायका माझ्या गळ्यात पडत होत्या. त्या घोळक्यात मीही हुंदके देत होते. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेले. भिवा उशीला टेकून पेज पीत होता. मी विचारलं, "गुणवंतीची हाक तुम्हाला घळीत ऐकू आली?"

"हाक? नाय ताई."

"पण तुम्ही उत्तर दिलंत."

त्याने मान हलवली. "आमचे घसे आदल्या दिवशीच बसले होते. आमी तिघं एकमेकांशीसुदिक बोललो नाय." मग त्याने वाटी खाली ठेवली. "एक गोष्ट मात्र खरी. घळीत शिरलेली लाट मागं फिरताना सगळं ओढून नेते. आमची होडी नुसती टेकली होती. एका लाटेत जायची. पण हलली नाय. रातभर नाय, दिवसभर नाय. खालनं कोणी धरून ठेवल्यावानी."

"होडी अजून तिथेच आहे?"

"तिथंच हाय. जाईना का. माणसं आली ती पुरे."

मी तिथून सरळ भिंतीकडे आले. भर दुपार होती. शेडमध्ये कोणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. माती उन्हाने तापली होती, पण त्या तोंडाची कड गार होती. आभार मानावेत असं काहीसं माझ्या मनात होतं. मी वाकले.

"माणसं पोचली ना घरी?"

आतून तोच कालचा दमलेला आवाज आला.

"पोचली," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मग आता होडी सोडू काय? हात भरून आले."

आत पाणी शिरलं, फुटलं, थांबलं. तो वाट पाहत होता.

"सोडा," मी म्हणाले.

आतून सुटकेचा एक लांब सुस्कारा आला. तो एकट्याचा नव्हता.