खुर्चीवरचा फोकस

मुहूर्ताचा नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला.

बारा वर्षांनी माहेरी आलेली बाई आधी घर बघते की घरातली माणसं, यावर दोन शहाणी माणसं पाऊण तास भांडली.

मढला वाळत घातलेल्या बोंबलांवरून वारा फिरला आणि पन्नास जणांनी एकदम नाकाला रुमाल लावले.

भांडुपच्या एका चाळीत पेढे वाटले गेले. एका खोलीतल्या माणसाने आपल्या वाट्याचा पेढा खिडकीतून कावळ्याला टाकला.

बावीस फूट.

हे सगळं १९८४ च्या नोव्हेंबरातलं, एकाच आठवड्यातलं. पेढा कावळ्याला टाकणारा माणूस म्हणजे शिवदास परब. आणि पेढे होते दत्ताराम कॅमेरामन झाला त्याचे.

सिनेमाच्या कॅमेऱ्यामागे दोघं असतात. एक जण डोळा लावून चित्र बघतो. दुसरा कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभा राहतो. तो टेप घेऊन कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजतो आणि शॉट चालू असताना लेन्सवरची रिंग बरोबर तेवढ्या फुटांवर आणतो. फूट चुकले की चेहरा पाण्यात पडल्यासारखा विरघळतो. याला फोकस सांभाळणं म्हणतात. शिवदास अकरा वर्षं फोकस सांभाळत होता. अकरा वर्षांत त्याने चित्र कधी बघितलं नव्हतं. त्याने फक्त फूट बघितले होते.

दत्ताराम शेजारच्या खोलीतला. दोघांचे बाप एकाच गिरणीत, एकाच पाळीला. दोघं एकाच वर्षी कॅमेऱ्याच्या पेट्या उचलायला लागले. आणि आता दिग्दर्शक विद्याधरने आपला पहिला मराठी सिनेमा काढला तेव्हा डोळा लावायला दत्ताराम, आणि टेप धरायला शिवदास. शिवदासने अभिनंदन केलं, मिठीही मारली. घरी आल्यावर मात्र त्याला पेढ्याचा वास सहन होईना.

लाँग

मढचा तो बंगला शूटिंगलाच भाड्याने जायचा. लांबलचक हॉल, एका बाजूला दार, पार दुसऱ्या टोकाला खिडकी आणि खिडकीपाशी वेताची खुर्ची. खुर्ची बंगल्याचीच होती, विद्याधरने असू दे म्हणून ठेवली होती.

"पहिला शॉट लांबून," विद्याधर सगळ्यांना समजावत होता. "घर मोठं, बाई लहान. मग मिड, कंबरेपासून वर, म्हणजे ती घराच्या बरोबरीची झाली. मग क्लोज-अप. नुसता चेहरा, घर गेलं. या तीन शॉटांत प्रेक्षक तिच्या मुठीत आला पाहिजे."

शिवदास न राहवून बोलला, "पण पहिल्यांदा तिला कशाला दाखवायची? खुर्ची दाखवा ना. कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटलं पाहिजे. बाई धूसर येऊ दे."

मग कॅमेऱ्याला डोळा लावलेला दत्ताराम म्हणाला, "रिकामी खुर्ची बघायला तिकीट कोण काढणार रे शिवा?"

युनिट खो खो हसलं. चहावालासुद्धा हसला. दत्तारामच्या मनात काही नव्हतं, तो नेहमीच असं बोलायचा. पण अकरा वर्षांत शिवदासने तोंडातून काढलेली ती एकच कल्पना होती.

बाईचं काम करणारी मृणालिनी दारात उभी राहिली. नाटकातली नटी, मुलुंडला राहायची, पहिलाच सिनेमा. शिवदासने टेपचं टोक तिच्या डोळ्यापाशी नेलं आणि मोठ्याने सांगितलं, "चौदा."

हॉलमध्ये उजेड जेमतेम होता, लेन्स पूर्ण उघडी होती, अशा वेळी एकच अंतर स्पष्ट येतं. कॅमेरा सुरू झाला, दार उघडलं, मृणालिनी आत आली. आणि शिवदासच्या बोटांनी रिंग शांतपणे पुढे नेली. चौदा. अठरा. बावीस. खुर्चीवर.

डोळा लावलेल्या दत्तारामला बाई विरघळताना दिसली असणारच. त्याने 'कट' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. चाळीस सेकंद शॉट चालला.

"ओके का रे दत्ता?" विद्याधरने विचारलं. ऊन माडांच्या मागे गेलं होतं, दुसरा टेक मिळणार नव्हता.

दत्तारामने रुमालाने चेहरा पुसला. शिवदासकडे एकदा बघितलं. "ओके," तो म्हणाला.

लॅबमधून फिल्म धुऊन यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत शिवदासला जेवण गोड लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला अंधेरीच्या छोट्या थिएटरमध्ये सगळे जमले. दिवे गेले. पडद्यावर हॉल आला. दार उघडलं. बाई आली, धुक्याच्या गोळ्यासारखी, ना नाक ना डोळे.

आणि खिडकीपाशी खुर्चीत एक माणूस बसला होता.

पन्नाशीचा असेल. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, गुडघ्यांवर हात, केस पाणी लावून चापून बसवलेले. चेहरा पोस्टाच्या रांगेत दिसेल असा. फक्त तो अति स्पष्ट होता. एवढ्या लांबून त्याच्या दाढीचे खुंट मोजता येत होते. मागची खिडकी, खाली खुर्चीचा वेत, काहीच तेवढं नीट दिसत नव्हतं. चाळीस सेकंदांत त्याची पापणी हलली नाही.

"परत लाव," विद्याधर म्हणाला.

तीनदा लावलं. मग विद्याधर उठून उभा राहिला. "दत्ता! अरे काय केलंयस हे! कोण आलंय ते दिसत नाही, कोण वाट बघतंय ते दिसतं! झकास! पहिल्या फ्रेमलाच माणूस खुर्चीला चिकटला पाहिजे, अगदी तेच! आणि मला सांगितलंही नाहीस, लबाडा!"

"मी कोणाला बसवलं नव्हतं," दत्ताराम हळू म्हणाला. "खुर्ची रिकामी होती."

"बरं बरं. मोठे झालात तुम्ही आता."

सगळे हसले. कोणीतरी दत्तारामच्या पाठीवर थाप मारली.

शिवदासला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी घशाशी आलं. शब्द त्याचे होते. खुर्ची त्याची होती. बोटं त्याची होती. आणि थाप दत्ताच्या पाठीवर.

"मी बसवलं त्यांना," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला मोठा वाटला. "फोकसही मीच नेला खुर्चीवर. दत्ताला चौदाच माहीत होते. विचारा."

सगळे वळले. दत्ताराम म्हणाला, "खरंय. फोकस त्याने नेला."

"आहेत कोण पण हे?" विद्याधरने विचारलं.

"गावचे आहेत आमच्या. धोंडूकाका." नाव जिभेवर आलं ते शिवदासने फेकलं. असा कोणी काका त्याला नव्हता.

विद्याधरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "शिवदास, पुढचे दोन शॉट तू चालव. दत्ता, तू फोकस सांभाळशील ना? राग नाही ना?"

"नाही," दत्ताराम म्हणाला.

निघताना प्रोजेक्टरवाल्याने मजा म्हणून तो तुकडा आणखी एकदा लावला. शिवदास दारात थांबला. आता कुठे त्याच्या लक्षात आलं. माणूस लेन्समध्ये बघत नव्हता. लेन्सच्या किंचित डावीकडे बघत होता. फोकस सांभाळणारा उभा राहतो तिथे.

मिड

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या तरीच्या बोटीत दोघं शेजारी बसले. दत्ताराम चाळीत वडीलधाऱ्यांशी बोलायचा त्या मालवणीत एकदम म्हणाला,

"माका म्हायत आसा रे, तू काय केलंस ता."

दत्तारामने आवाज खाली आणला.

"बाई विरघळली तेव्हाच समजलं मला. बोललो असतो तर विद्याधरने तुला तिथल्या तिथे हाकलला असता. पोरं आहेत तुला. म्हणून गप्प बसलो."

"उपकार झाले."

"उपकाराचं सोड रे मेल्या. मी चाळीस सेकंद डोळा लावून होतो. खुर्चीत कोणी नव्हतं. तू कोणाला बसवलंस?"

"धोंडूकाकांना."

दत्तारामने तोंड फिरवलं. "वाट लागली तुझी," तो म्हणाला, पण टोमणा मारल्यासारखं नाही.

दुसऱ्या शॉटला खुर्ची जवळ आणली होती. मृणालिनी तिच्यापाशी येऊन थांबणार, कंबरेपासून वर ती आणि बाजूला तो.

"काका कुठायत?" विद्याधर ओरडला.

"लाजाळू आहेत. कॅमेरा सुरू झाला की बसतील. तुम्ही शॉट घ्या."

एवढ्या बेधडक थापेवर खरं तर कोणीही हसलं असतं. पण पडद्यावरचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे कोणी हसलं नाही. विद्याधरने मान हलवली.

दत्ताराम टेपचं टोक घेऊन रिकाम्या खुर्चीपाशी गेला. बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येईल तिथे हवेत त्याने ते धरलं. आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काय रे?"

"काही नाही." तो पँटीला बोटं पुसत होता. पुसतच राहिला. "नऊ फूट."

शिवदासने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीत मृणालिनी आली, सुंदर दिसली. खुर्ची रिकामी होती. त्याला हसू आलं. माझं आहे हे, त्याला वाटलं, ही चारही बाजूंची चौकट माझी आहे.

दोन दिवसांनी अंधेरीत पडद्यावर खुर्ची भरलेली होती. तोच सदरा, तेच गुडघ्यांवरचे हात. फक्त आता तो लेन्सच्या डावीकडे बघत नव्हता. थेट लेन्समध्ये बघत होता.

"लेन्समध्ये बघू नये नटाने," विद्याधर पुटपुटला. "चूक आहे. पण राहू दे. काय बघतोय यार!"

डावीकडे त्या दिवशी दत्ताराम उभा होता. डोळा शिवदासने लावला होता.

क्लोज

तिसरा शॉट जिन्याच्या वळणावर. नुसता चेहरा. अडीच फूट.

"काकांचं आज काम नाही," विद्याधर म्हणाला. "आज फक्त मृणालिनी."

शिवदासला हायसं वाटलं. तसं वाटल्याचा त्याला रागही आला.

सिनेमाचा कॅमेरा चालू असताना त्यावरचा डोळा काढता येत नाही. काढला तर मागून उजेड आत शिरतो आणि फिल्म पांढरी पडते. काही झालं तरी डोळा दाबून धरायचा. कॅमेरामनचं हे पहिलं शिक्षण.

"अॅक्शन."

मृणालिनीने नजर वर केली. विद्याधरने तिला लेन्सच्या उजवीकडे बघायला सांगितलं होतं.

ती तिथे बघत नव्हती. ती शिवदासच्या वर, मागे बघत होती.

मग तिची नजर खाली येऊ लागली. हळूहळू. कोणीतरी वाकत असावं तशी.

शिवदासच्या कानाला गार लागलं. केसांना लावलेल्या पाण्याचा वास आला.

त्याने डोळा काढला नाही.

उघड्या डोळ्याच्या कडेला पांढरं काहीतरी आलं. सदऱ्याची बाही असावी.

त्याने डोळा काढला नाही. काढला असता तर शॉट गेला असता. शॉट त्याचा होता.

काहीतरी त्याच्या गालाला टेकलं आणि बाजूला रेटू लागलं. जोर नव्हता. रांगेत मागचा माणूस पुढे सरकायला बघतो, तेवढंच. गालाला बारीक खुंट टोचले.

त्याने चेहरा आणखी दाबून धरला.

"कट!"

विद्याधर टाळ्या वाजवत आला. "मृणालिनी! काय नजर होती गं! सांगितलं एक, केलंस भलतंच, पण केलंस काय! कुठे बघत होतीस?"

"काकांकडे," ती साधेपणाने म्हणाली. समोर बघायला काहीतरी हवं म्हणून क्लोज-अपच्या वेळी कॅमेऱ्यापाशी कोणालातरी उभं करतात. त्याला लुक देणं म्हणतात. "शिवदासने त्यांना लुक द्यायला मागे उभं केलं होतं ना? पण शिवदास, तुम्ही त्यांना जरा बघू द्यायचं होतं हो. बिचारे तुमच्यावरून वाकून डोळा लावायला किती धडपडत होते. त्यांना तुमचा हेवा वाटत असेल."

सगळे हसले. दत्ताराम हसला नाही. तो शिवदासच्या गालाकडे बघत होता.

"शिवा," तो हळूच म्हणाला, "अजून वेळ आहे, विद्याधरला सांग. तू कोणाला बसवलं नव्हतंस म्हणून सांग. मी आहे."

विद्याधर खांद्यावर हात टाकत म्हणाला, "पाटीवर छायाचित्रण म्हणून तुझं एकट्याचं नाव जाईल, शिवदास. दत्ताने स्वतःच कबूल केलंय. आणि पुढचा सगळा सिनेमा तूच चालवायचास. काकांना रोज आणायचं बरं का. काय?"

गाल चुरचुरत होता. शिवदासने दत्तारामकडे बघितलं. पेढ्याचा वास त्याला अजून येत होता.

"आणतो," तो म्हणाला.

दत्ताराम संध्याकाळच्या तरीने गेला, तो परत सेटवर आला नाही. सिनेमा जूनमध्ये लागला. पाटीवर एकच नाव होतं. सुरुवातीच्या तीन शॉटांवर वर्तमानपत्रांत बरंच लिहून आलं.

क्लोज-अपच्या दिवशी सकाळी जिन्याच्या वळणावर जागा पुरेना, म्हणून कॅमेरा मागे, अगदी मागे सरकवला होता. शॉटभर शिवदासची पाठ भिंतीला टेकलेली होती.