नावनची पंच

"डोळे मिटून शिट्टी वाजवते की काय ही..."

कठड्याशी उभा असलेला तो मुलगा पुटपुटला, तेही अस्सल मराठीत. आयर्लंडमधल्या नावन गावच्या त्या डांबरी कोर्टवर आपलं बोलणं कुणाला कळणार, अशी त्याची खात्री असावी. स्वरूपा स्केट्सच्या चाकांवर अलगद वळली आणि त्याच्यासमोर येऊन थांबली.

"डोळे उघडेच आहेत," ती मराठीत म्हणाली. "आणि पंचाला उलट बोललात म्हणून तुमचा एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर."

मास्कच्या दोऱ्यांमागचे त्याचे कान लालबुंद झाले.

स्वरूपा अठरा वर्षांची होती. पूर्वी ती बर्फावर हॉकी खेळायची. बाबा त्यासाठी तिला गाडीने थेट बेलफास्टला न्यायचे. मग गुडघा दुखावला. स्केटिंग चालेल, पण धक्काबुक्की नको, असं डॉक्टरांनी बजावलं. पाठोपाठ लॉकडाऊन आला. क्लबमध्ये सामन्यांना पंच नेमणारा डेक्लन तिला म्हणाला, खेळता येत नाही ना, मग पंच हो. हिवाळाभर तिने लॅपटॉपसमोर बसून नियम घोटले. २०२१च्या जूनमध्ये मुलांचे सामने उघड्यावर, चाकांच्या स्केट्सवर सुरू झाले आणि तिच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आला. आजचा हा तिचा पहिलाच सामना.

सामना संपल्यावर भुरभुर पावसात तो माफी मागायला आला. इंद्रनील, एकोणीस वर्षांचा, मूळ नागपूरचा. आई पोर्टलीश गावच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, आणि हा तिथल्या लहान मुलांच्या टीमचा कोच.

"तू नाकारलास तो गोल नव्हताच," तो म्हणाला. "तुझं बरोबर होतं."

"माहीत आहे मला."

"पंच हसत नाहीत का कधी?"

"हसतात... सामना संपल्यावर."

"संपला की!"

मग मात्र तिला हसू आवरलं नाही.

त्या उन्हाळ्यात पोर्टलीशचे बरेच सामने तिच्याच वाट्याला आले. तो थर्मासमधून आल्याचा चहा आणायचा. शेवटची शिट्टी होईपर्यंत ती त्याला हात लावायची नाही. तिच्या आयरिश हेलाच्या मराठीची तो थट्टा करायचा आणि ती मुद्दाम आणखी बोलायची. एरवी आईला इंग्रजीत उत्तरं देणारी ही पोरगी एका संध्याकाळी जेवताना "जरा लोणचं दे गं" म्हणाली, तेव्हा तिची आई, शुभदा, तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने लोणच्याची अख्खी बरणीच पुढे सरकवली.

ऑगस्टमधल्या एका सामन्यात पोर्टलीशच्या मुलीची स्टिक दुसरीच्या खांद्याला लागली. स्वरूपाला ते लख्ख दिसलं, आणि तरी शिट्टी ओठांपर्यंत जायला क्षणभर उशीर झाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं. 

पुढच्याच आठवड्यात डेक्लनने तिला फायनल दिली. पोर्टलीश विरुद्ध कासलबार. इतक्या नव्या पंचाला हा मान आजवर मिळाला नव्हता. तिने दिवसभर विचार केला आणि डेक्लनला फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारल्यावर तेही सांगितलं, अडखळत का होईना, पण खरंखुरं.  डेक्लन म्हणाला, ग्रँड, काही हरकत नाही, पण हे मला सांगून काय उपयोग? त्या मुलाला सांग.

फायनलच्या दिवशी साध्या जाकिटात कठड्याबाहेर उभी असलेली स्वरूपा बघून इंद्रनील धावतच आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"माझ्यामुळे काढलं का तुला? मी बोलतो डेक्लनशी, आत्ता..."

"कुणी काढलं नाही. मीच नको म्हटलं."

"का?"

तिने कोर्टकडे बघितलं. मुलं हेल्मेटचे पट्टे आवळत होती.

"पंचाने कुणाची बाजू घ्यायची नसते," ती म्हणाली. "आणि मला तुझी टीम जिंकावीशी वाटते."

"टीम...?"

"फक्त टीम नाही, इंद्रनील."

 तो नुसताच बघत राहिला, वेड्यासारखा हसत.

"मला तर जूनपासून..." त्याने सुरुवात केली.

"नंतर सांग. मुलं वाट बघतायत."

पोर्टलीश एका गोलने हरलं. हिरमुसलेल्या मुलांना थोपटून, चॉकलेटं वाटून इंद्रनील तिच्याकडे आला. जूनपासून काय, ते त्याने तिला सांगितलं. आसपास कासलबारची मंडळी जल्लोष करत होती, म्हणून जरा मोठ्यानेच सांगावं लागलं. मग तो थांबला. आता तिने काहीतरी बोलावं, म्हणून.

पण तासभर पोर्टलीशच्या नावाने ओरडून स्वरूपाचा आवाज पार बसला होता. तिने गळ्याकडे बोट दाखवलं, हसली, आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.