मागचा भार

त्या दिवशी पपा बोट धूत होते आणि मी धक्क्यावर बसून सहावीच्या मुलांचे निबंध तपासत होते. वारा दक्षिणेचा होता. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता.

"काय म्हणतात पोरं?" पपांनी विचारलं.

"समुद्र निळा आहे म्हणतात."

"सगळीच?"

"एकाने हिरवा लिहिलाय."

"त्याला पास कर. तो निदान बघून लिहितो."

मग बादली उलटी करून ते तिच्यावर बसले. उद्या पश्चिमेच्या उथळावर जाऊन यायचं म्हणाले. गेल्या आठवड्यातल्या वाऱ्याने तळाची रेती हलली असेल, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा जुना पाहुणा ब्रांट मासेमारीला यायचा होता. "त्याला आता माशाची सावलीसुद्धा दिसत नाही. मासा उचलून नाकासमोर नेऊन ठेवावा लागणार."

"मग त्यांच्या वतीने तुम्हीच गळ टाका."

"आणि त्याने काय करायचं मास्तरीणबाई? टाळ्या वाजवायच्या?"

रात्री उकडलेला मासा आणि जॉनीकेक, म्हणजे आमचा जाड गोडसर पाव, होता. केक पाद्रीबाबांच्या प्रवचनासारखा कोरडा झालाय म्हणत त्यांनी तीन तुकडे खाल्ले आणि खुर्चीतच झोपले. मी दिवा मालवला. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. मी तो पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला आहे. त्यात काही लपलेलं सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सापडली. बोट रेटायची काठी तळात खोल रोवलेली होती आणि बोट तिला बांधलेली. पाहुण्यांना मासेमारीला नेणारी आमची गाईड माणसं पाण्यात उतरून चालायचं असलं की अशीच बांधतात. जेवणाचा डबा उघडलेला नव्हता. बोटीत बूट नव्हते, म्हणजे ते घालून पपा उतरले होते. आजूबाजूला पोटरीभर पाणी आणि नजर पोचेल तिथवर पांढरा तळ. माणूस बुडावा असं तिथे काही नाही. पहिल्यांदा बेटावरच्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या, मग निम्म्या, मग एकटी शेजाऱ्यांची. मग तीही जाईनाशी झाली.

आमच्याकडे कोणी देवाघरी गेलं की घरातलं एक माणूस चर्चमध्ये प्रार्थनेच्या आधी उभं राहतं, गेलेल्याचं पूर्ण नाव घेतं आणि तो वारला असं मोठ्याने सांगतं. त्यानंतर घंटा वाजते. प्रेत असो वा नसो. समुद्रावर जगणाऱ्या गावात अनेकदा ते नसतंच. पण घरच्याने सांगितल्याशिवाय घंटेची दोरी कोणी ओढत नाही. पपांच्या घरचं माणूस म्हणजे मी.

"या रविवारी तरी उभी राहणार आहेस का?" युला आत्याने विचारलं. पपांची ही थोरली बहीण, रोज संध्याकाळी भांडं घेऊन येते आणि मी खाते का ते बघत बसते.

"नाही."

"पाद्रीबाबा विचारत होते."

"त्यांना सांग, पपा अजून आले नाहीत."

"आले नाहीत म्हणे. बाजारात गेलाय का तो?"

मी ताट पुढे सरकवलं. तिने पातेल्याच्या तळाची खरवड काढून माझ्या ताटात घातली.

"घंटा वाजल्याशिवाय कळत नाही गं."

"कोणाला? मला?"

"त्याला," आत्या म्हणाली.

निघताना ती धक्क्यावर थांबली. बोट मागून खाली बसली होती. नाक वर, शेपूट पाण्यात. "पाणी साचलंय बघ. काढून टाक." मी पाणी उपसायचा डबा घेऊन उतरले. आत थेंबभरही पाणी नव्हतं. मी तळाच्या फळ्या उचलून पाहिल्या. खाली सगळं खडखडीत कोरडं होतं. मी परत धक्क्यावर चढले तेव्हा बोट माझ्या वजनाएवढी वर आली. त्याहून जास्त नाही.

ब्रांट ठरल्याप्रमाणे छोट्या विमानाने आले. दर वर्षी याच आठवड्यात येतात. मी शाळेत जात होते तेव्हापासून. या खेपेला डोळ्यांवर जाड काळा चष्मा होता आणि पायऱ्या उतरताना ते बुटाने चाचपत होते. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी त्यांना सांगावं असं आत्याने बजावलं होतं. म्हणून मीच धावपट्टीवर गेले.

"अँसिल कुठाय?"

"पपा आज येऊ शकत नाहीत."

"पाठ धरली?"

"हं."

"म्हातारा झाला शेवटी. मग तू ने मला. काठी मारता येते ना अजून?"

येत होती. पपांनीच शिकवली होती. बोटीच्या मागच्या टोकाला उंच माची असते, तिच्यावर उभं राहून लांब काठीने तळ रेटत बोट न्यायची. पाहुणा पुढच्या टोकाला उभा, माचीकडे पाठ करून. आमचा मासा चांदीसारखा असतो, तळावर तो दिसत नाही. उंचावरून सावली तेवढी दिसते. गाईड दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतो, बोटीचं नाक म्हणजे बारा, आणि पाहुणा आवाजावर भरवसा ठेवून गळ टाकतो. मागे वळायचं नाही, हा पहिला नियम. वळलं की बोट डुलते, डुलली की मासा गेला. ब्रांट इतक्या वर्षांत एकदाही वळलेले नाहीत.

पश्चिमेच्या उथळावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि वारा पडला होता. पाणी इतकं स्वच्छ की बोट हवेत टांगल्यासारखी वाटत होती. मी काठी रेटत होते. प्रत्येक रेट्याला बोट उशिराने हलत होती. मला वाटलं, सवय गेली.

ब्रांटनी एकाएकी हात उचलला आणि डावीकडे गळ टाकला. मला तिथे काही दिसलं नव्हतं. दोरी ताठ झाली, गळाचं चाक गरगरलं. बऱ्याच वेळाने मासा बोटीशी आला. त्यांनी वाकून त्याला पाण्यातच सोडवला आणि जाऊ दिला.

"छान सांगितलंस," ते समोर बघतच म्हणाले. "दहाला, चाळीस फूट. अगदी नेमकं. आवाज जाड झालाय तुझा."

"सर्दी झालीय," मी म्हणाले.

थोड्या वेळाने तेच झालं. या खेपेला उजवीकडे. मी तोंड घट्ट मिटून उभी होते. मासा सोडल्यावर ते हसले.

"आता पुरे झाली थट्टा. अँसिल, तुझी पोरगी मला म्हणाली, तुझी पाठ धरलीय."

ते गप्प राहिले, समोरच्याला बोलू देतात तसे. मग पुन्हा हसले, या वेळी पोटातून.

माझ्यामागे माचीची कड आणि तिच्यापलीकडे पाणी. दुसरं काही असायला जागाच नव्हती. मी वळून पाहिलं. पाणी होतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुला ऐकू नाही आलं?"

"वारा आहे."

पाण्यावर एक सुरकुतीही नव्हती. ब्रांट थोडं थांबून म्हणाले, "म्हणतोय, काठी खडूसारखी धरतेस. पोराच्या पाटीवर लिहायला निघालीयस की काय."

काठी धरलेले माझे हात मी बघत राहिले. हे कोणाचं बोलणं आहे ते मला सांगायला नको होतं. मला भीती वाटली नाही. मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला.

मी कान देऊन उभी राहिले. खारफुटीत कुठेतरी एक बगळा ओरडला. दुसरं काही नाही.

ओहोटी लागली होती. परत फिरायला हवं होतं. मी बोट वळवली आणि ती तळाला टेकली. दोन माणसं घेऊन ही बोट वीतभर पाण्यात तरंगते. इथे पाणी अजून त्याच्या दुप्पट होतं. मी मागे वाकून पाहिलं. शेपूट पाण्यात पार बुडालं होतं, कडेपर्यंत.

मी काठी रेटली. बोट हलली नाही. ब्रांटच्या मानेवर घाम होता. प्यायचं पाणी संपत आलं होतं. इथे बसलो तर पुढच्या भरतीपर्यंत सावली नाही.

"अँसिल उतरेल," ते म्हणाले. "नेहमी तोच उतरतो."

आम्ही वाट पाहिली. कोणी उतरलं नाही.

मग मी उतरले. माझं वजन गेल्यावर बोट जराशी वर यायला हवी होती. आली नाही. मी खांदा लावला. पायांखालचा पांढरा चिखल ढवळून दुधासारखा वर आला आणि बोट तशीच राहिली.

"त्याला सांग ना," ब्रांट म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

मी माचीवर हात ठेवला. फळी उन्हाने तापलेली होती. मधोमध, दोन पावलं मावतील एवढ्या जागी, ती थंड होती.

"पपा," मी हळूच म्हणाले, "उतरा."

बोट वर आली. एकदम नाही. माणूस कड धरून सावकाश उतरतो, तशी.

पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नाही. पण बोटीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, तळातून पांढरा ढग उठला. मग त्याच्यापुढे आणखी एक. मग आणखी एक. चालत्या माणसाच्या पावलाएवढ्या अंतराने ते ढग बोटीपासून दूर निघाले, जिथे पांढरा तळ संपतो आणि पाणी निळं होतं त्या कडेकडे.

कडेला ते थांबले.

पाणी हळूहळू निवळलं. मी बोटीची दोरी हाताला गुंडाळून उभी होते.

मग एक ढग अलीकडे उठला.

"थांबू या त्याच्यासाठी," ब्रांट म्हणाले. "येतोय तो."

आणखी एक. आणखी एक, जवळ.

मला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की पुरे होतं. बोट धक्क्याला मागून बसलेली राहिली असती. मला कधी ऐकू आलं नसतं, पण पाहुण्यांनी सांगितलं असतं, आज काय म्हणाले ते. मी स्वयंपाक दोघांचा केला असता.

पुढचा ढग इतका जवळ उठला की त्याचं गढूळ पाणी माझ्या पोटरीला लागलं. ते गार होतं.

मी पाठ ताठ केली, चर्चमध्ये करतात तशी.

"अँसिल जेरेमाया मॉक्सी," मी मोठ्याने म्हणाले. "माझे वडील. वारले."